कॅल्क्युलेटरमधला घाट

आमच्या घरात 'कधी येणार?' हा प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. नळाला पाणी कधी येणार, रॉकेलचा गाडा कधी येणार, हे चालायचं. माणूस कधी येणार, हे नाही. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांची ड्युटी बहुतेक करून कन्नडच्या पुढचा घाट उतरून चाळीसगावला जायची आणि तोच घाट चढून संध्याकाळी परत यायची. सकाळी डबा पिशवीत गेला, बुटांच्या नाड्या आवळल्या, की ते उंबऱ्यात उभे राहून 'येतो' म्हणत. आतून आई 'हं' म्हणे. एवढ्यावर दिवस निघायचा. मग दिवसभर डेपोमागच्या आमच्या चाळीत गाड्यांची घरघर, कर्ण्यावरून गावांची नावं पुकारणारा तो नाकातला आवाज आणि स्टोची भरभर. दिवेलागणीच्या आसपास दारात बूट वाजले की आई पुन्हा तेच 'हं' म्हणे. दोन 'हं'च्या मधे काय व्हायचं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

आता यावरून कुणी आम्हाला अंधश्रद्ध समजू नये. आमच्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली, आणि दादा त्या दोघांनाही साक्षी ठेवून शकुन-अपशकुनाला शिव्या घालत. डेपोतले बाकीचे ड्रायव्हर गाडीला लिंबू-मिरच्या बांधायचे. दादांच्या गाडीला कुणी चुकून बांधल्याच, तर दादा त्या सोडून घेत, मिरच्या स्वतःच्या भाकरीबरोबर खात आणि लिंबू कंडक्टरला देत. "लिंबाला ब्रेक दाबता येतंय का?" असं ते विचारत. त्यामुळं एकदा मी धीर करून म्हटलं, की मग हे न विचारण्याचं काय? तोही अपशकुनच ना? दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी डिप्लोमाला नाही, बालवाडीत आहे. "घाटाला घड्याळ नसतं, गौतम. येळ सांगितली की माणूस येळेच्या मागं गाडी हाणतो. आन् घाटात हाणून चालत नाय." म्हणजे ती शिस्त होती. पण आईच्या तोंडावर जे दिसायचं ते शिस्तीसारखं दिसत नसे.

या घरात कॅल्क्युलेटर आला तो माझ्या मामामुळं. मामा मस्कतला वेल्डर. सुट्टीवर आला की सगळ्यांना काही ना काही आणायचा: आईला चादर, दादांना सेंट (डिझेलचा वास गेला नाही तर उपयोग काय, म्हणून त्यांनी तो कधी लावला नाही, पण दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही), आणि त्या वर्षी मला, तिथल्या कुठल्याशा साहेबाच्या पोरानं टाकून दिलेला एक ठोकळा. त्याच्यावर बटणं इतकी, की दादांनी तो हातात घेऊन पहिलं विचारलं, "याचा टीव्ही कुठंय?" त्याला हिरवट पडदा होता आणि त्यावर आलेख निघायचे. आलेखात मला रस नव्हता, ते तंत्रनिकेतनात रोज निघायचेच. पण सोबतच्या जाड पुस्तकाच्या शेवटी काही पानं अशी होती, जी साहेबाच्या पोरानं उघडलीही नसावीत, कारण ती एकमेकांना चिकटलेली होती. त्यात लिहिलं होतं की या यंत्राला बेसिक भाषेत हुकूम देता येतात. मला आयुष्यात कुणी हुकूम द्यायची संधी दिली नव्हती. मी चाकूनं पानं सोडवली.

पडदा सोळा अक्षरं रुंद आणि आठ ओळी उंच. चित्र काढायचं ते अक्षरांचंच. अमुक ओळीत, अमुक घरात, अमुक अक्षर लिही. आधी मी माझं नाव इकडून तिकडं पळवलं. पळवायची युक्ती अशी, की अक्षर लिहायचं, क्षणभर थांबायचं, मग त्याच जागी मोकळी जागा लिहून ते पुसायचं आणि पुढच्या घरात पुन्हा लिहायचं. पुसायला विसरलं की मागं शेपूट राहतं. माझ्या नावाला पहिले काही दिवस मारुतीला शोभेल एवढी शेपूट होती. मग मी गाडी केली. दोन कंस, मधे दोन शून्यं, झाली लाल गाडी, हिरव्या पडद्यावर काळी. आणि गाडी आली म्हणजे आमच्या घरात घाट आलाच. खालच्या ओळीत गाडी डावीकडून उजवीकडं जाई, कडेला पोचली की वरच्या ओळीत वळे, मग उजवीकडून डावीकडं, असं करत नागमोडी वर चढे. सगळ्यात वर पोचली की इंग्रजी अक्षरांत 'पोचली' उमटे. सुरुवातीला यंत्र विचारी, 'गाडी कोणाची?' आणि मी नाव घाली.

सरळ चढणारी गाडी बघून मलाच कंटाळा आला, म्हणून मी तिला थोडा स्वभाव दिला. प्रत्येक ओळीच्या मध्यावर यंत्रानं आपल्या मनानं चाल ठरवायची. बहुतेक वेळा एकेक घर, पण क्वचित दोन-दोन. आणि इथं माझी अक्कल संपली. वळायचं की नाही हे यंत्र फक्त शेवटच्या घराच्या अलीकडं एकदा तपासायचं. दोन-दोन घरांची उडी मारणारी गाडी नेमकं तेच घर ओलांडून जायची आणि पडद्याच्या बाहेर पडायची. मग सगळा घाट नाहीसा होऊन एकच शब्द उमटायचा, 'एरर'. मी ही चूक दुरुस्त करायला हवी होती. त्याऐवजी मी तिला 'दरी' असं नाव दिलं आणि चार लोकांना दाखवत सुटलो.

पहिल्या प्रेक्षक आमच्या शेजारच्या हलीमाखाला. त्यांचे मियाँ गफूरचाचा त्याच मार्गावर ड्रायव्हर. "क्या रे गौत्या, ये डब्बे में मेरे मियाँ की गाडी बी चलाके बता ना," म्हणत त्या ओट्यावर फतकल मारून बसल्या. गाडी चढली, पोचली. खाला खूश. मग कंडक्टरच्या घरच्या कमलकाकू आल्या. त्यांची गाडी दुसऱ्याच वळणावर दरीत गेली. सगळ्या खो खो हसल्या. "परत चालव," काकू म्हणाल्या. परत चालवली, पोचली. काकू उठून धुण्याला गेल्या. हळूहळू चाळीत एक रीतच पडली. ड्युटीवर माणूस गेला की बाई ओट्यावर यायची, नवऱ्याचं नाव घालायला लावायची आणि गाडी वर पोचेपर्यंत उठायची नाही. एकदा पडली तर पुन्हा, पुन्हा पडली तर पुन्हा. मी लुंगीवर बसून गुडघ्यावर कॅल्क्युलेटर धरलेला, एखाद्या मठाधिपतीसारखा. शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या घरची येसराची आमटी, खालांच्या घरचा रविवारचा मटणाचा खलिया, सगळं ओट्यावर पोचतं होऊ लागलं. माझं वजन वाढलं ते त्या हिवाळ्यात. पुढं कमी झालंच नाही.

मग एक दिवस गफूरचाचांची गाडी सकाळी दोनदा पडली. तिसऱ्यांदा चालवायच्या आत खालांचं दूध उतू गेलं आणि त्या तशाच पळाल्या. संध्याकाळी गफूरचाचा कपाळाला पट्टी बांधून आले. झालं होतं एवढंच, की टपावरून कुण्या वऱ्हाड्याची पत्र्याची पेटी उतरवताना त्यांच्या डोक्यात बसली होती. चाचा स्वतःच हसत होते. खाला हसत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यात अदब होती.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर कुणी मोठ्यानं बोलेना. बायका यायच्या, नाव सांगायच्या, पदराचं टोक दातात धरून पडद्याकडं बघायच्या. गाडी मध्यावर आली, चाल ठरायची वेळ झाली, की सगळ्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू यायचा. आणि खरं सांगायचं तर माझाही अडकायचा. ती चाल ठरवणारी ओळ मी लिहिली होती. तिच्यात काय आहे ते मला पाठ होतं. तरी एखादी गाडी दोन-दोन घरांची झेप घ्यायला लागली की मी डोळे मिटून घ्यायचो. दादांचं नाव मात्र मी एकदाही घातलं नव्हतं. का, असं मी स्वतःला विचारलं नाही. आमच्या घरात काही प्रश्न विचारायची पद्धत नव्हतीच.

(परवा माझी मुलगी जळगावला निघाली. आता फोनवर माणसाचा ठिपका नकाशावर सरकताना दिसतो. फुलंब्रीच्या पुढं ठिपका थांबला. मी चष्मा पुसून पुन्हा बघतो, ठिपका तिथंच. बायको म्हणाली, "चहा प्यायला थांबली असेल, ठेवा तो फोन." ठेवला. उलटा ठेवला. पुन्हा सुलटा केला. पन्नाशी उलटली, पोटही त्याच प्रोग्रॅमांच्या धंद्यावर भरलं, आणि अक्कल अजून शेवटच्या घराच्या अलीकडंच.)

तर मी गुपचूप दुरुस्ती करायची ठरवली. कुणाला सांगायचं नाही, पण यापुढं कुठलीच गाडी पडणार नाही. गाडी कडेच्या बाहेर जातेय असं दिसलं, की जेवढी उडी मारली तेवढं मागं घ्यायचं, एवढी एकच ओळ मी घातली. दहा-बारा वेळा चालवून बघितलं. दर वेळी पोचली. मला फार हलकं वाटलं. एखादा देव झाल्यासारखं वाटलं म्हणालो तर दादा वरून चप्पल फेकतील, म्हणून म्हणत नाही.

त्या दिवशी धुकं होतं. उसाचे दिवस. दादा 'येतो' म्हणाले, आई 'हं' म्हणाली, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेले दादा परत फिरले. मफलर राहिला होता. खुंटीवरून मफलर घेतला आणि पुन्हा 'येतो' न म्हणताच गेले. एवढंच. पण निघालेला माणूस परत फिरला, आणि दुसऱ्या वेळी आईला 'हं' म्हणायला जागाच मिळाली नाही. ती पिठाच्या हातानं तशीच उभी. मग माझ्याजवळ आली. तिनं त्या ठोकळ्याकडं तोवर कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"गौतम, त्या तुझ्या डब्यात," ती म्हणाली, "ह्यांचं नाव घाल."

"आई, तू पण?"

"घाल म्हणलं ना."

मी घातलं. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर तिनं दोन घरांची चाल धरली, वळायचं घर ओलांडलं, कडेच्या बाहेर निघाली, आणि माझ्या नव्या ओळीनं तिला दोन घरं मागं ओढली. ती पुन्हा दोन घरं पुढं गेली. पुन्हा मागं आली. पुढं. मागं. मला क्षणात कळलं की मी काय करून ठेवलंय. आता ती पडणार नव्हती आणि पोचणारही नव्हती. सेल असेपर्यंत ती त्या वळणावर लुकलुकत राहणार होती.

"थांबली व्हय?" आईनं विचारलं.

"जरा... थांबली."

"घाटात थांबतेत का गाड्या?"

"कधी कधी."

बटण दाबून मी ती बंद करू शकत होतो. पण मधेच बंद केलं की पडद्यावर तोच शब्द उमटायचा जो गाडी दरीत गेल्यावर उमटायचा, आणि त्या शब्दाचा अर्थ चाळीतल्या शेंबड्या पोरांनाही ठाऊक होता. सेल काढले असते तर पडदाच कोरा होऊन गाडी नाहीशी झाली असती. ते कोण आईसमोर करणार? मी गव्हाच्या डब्यावर तो ठोकळा ठेवला आणि त्याच्याकडं पाठ करून बसलो. पाठीमागं तो लुकलुकतोय हे मला कळत होतं.

दुपारपर्यंत चाळभर झालं. कमलकाकू आल्या, कारण दादांच्या गाडीवर त्यांचाच नवरा कंडक्टर. त्यांनी काही न विचारता करंडा काढला आणि कॅल्क्युलेटरच्या कपाळी कुंकू लावलं. आई एरवी हे घरात चालू देत नसे. त्या दिवशी नुसती बघत राहिली. धुकं काही उठेना. गाडी यायच्या वेळेला कर्णा वाजला, पण त्यात चाळीसगावचं नाव नव्हतं. चुलीवर आमटी लागल्याचा वास आला, कुणी उठलं नाही. सेल उतरत चालले तसा पडदा फिका पडू लागला. गाडी आता नीट बघितलं तरच दिसत होती.

"बुझ री है," हलीमाखाला हळूच म्हणाल्या.

आई उठली. डोक्यावर पदर घेतला आणि डेपोकडं निघाली. ती डेपोत कधी गेली नव्हती. परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता. "उसाचा ट्रॅक्टर कलंडलाय म्हणे घाटात. धुक्यात कायबी दिसंना. दोन्हीकडची वाट बंद. पुढचं त्यांलाबी ठाव नाय." मग जरा थांबून, कुणाच्या घरातलं भांडं चोरून आणल्यासारखी, म्हणाली, "मी इचारलं त्यांला. कधी येणार म्हणून."

मला वाटलं, आता येत नाहीत दादा. मी लिहिलेल्या एका ओळीमुळं येत नाहीत. हे खोटं आहे हे सिद्ध करून दाखवण्याइतकं शिक्षण माझ्याकडं होतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

दिवे लागून गेल्यावर गल्लीत बूट वाजले. कमलकाकू आवाज ओळखून स्वतःच्या घराकडं पळाल्या. दादा दारात आले, मफलर दवानं ओला, डोळे लाल. घरात बसलेल्या बायका त्यांनी एकदा बघितल्या.

"कोण गेलं?"

"कोई नै गया भाईसाब," खाला म्हणाल्या. "इस डब्बे ने तुमारी गाडी पकडके रखी थी."

दादांनी गव्हाच्या डब्यावरचा ठोकळा उचलला. कुंकू अंगठ्यानं पुसून पँटला लावलं. मला वाटलं, आता भिंतीवर आपटतात. त्यांनी उजेडाकडं तिरका धरून पडदा बघितला.

"कुठं अडकली व्हती?"

"तिसऱ्या वळणावर," मी म्हणालो.

त्यांची गाडी कितव्या वळणावर अडकली होती हे त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. काकूंच्या नवऱ्याला विचारलं तर तो दर वेळी वेगळं वळण सांगायचा. दादांनी पाठीमागचं झाकण सरकवून सेल काढले. तो आतला चपटा, बटणासारखा, लिहिलेलं जपून ठेवणारा सेलही, ज्याच्याबद्दल मी त्यांना कधी बोललो नव्हतो, नखानं उपसून काढला. गाडी, घाट, दरी, सगळ्या चाळीचे नवरे, एका दमात गेले.

"डेपोत गेलतीस म्हणं," ते आईला म्हणाले.

"व्हय."

"इचारलंस?"

"व्हय."

दादा हात धुवायला मोरीत गेले आणि बराच वेळ पाणी ओतत राहिले. मग करपलेली आमटी मुकाट्यानं जेवले.

सकाळी डबा पिशवीत गेला, नाड्या आवळल्या. दादा उंबऱ्यात उभे राहिले. आई भाकरी थापत होती.

"सातला येतो," ते म्हणाले.

आईचा हात परातीत तसाच राहिला. ती 'हं' म्हणायची विसरली. आजवर ज्या घरात वेळ नव्हती, त्यात त्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ वाजतंय हे मला पहिल्यांदा ऐकू आलं. वेळ नसते तेव्हा माणूस नुसता वाट बघतो. वेळ दिली की ती चुकण्याची वाट बघतो. सहानंतर आई दारातून हलली नाही. सातला बूट वाजले. दुसऱ्या दिवशीही सातला. तिसऱ्याही. मला दादांचीच धास्ती वाटू लागली. घाटाला घड्याळ नसतं म्हणणारा माणूस आता रोज वेळेच्या मागं गाडी हाणत असणार, धुक्यात, उसाच्या ट्रॅक्टरांमधून, केवळ बायकोनं एकदा विचारलं म्हणून.

एका संध्याकाळी राहवलं नाही म्हणून मी डेपोत गेलो. दादांची गाडी आत लागलेली होती. बोनेटला हात लावला तर जवळजवळ गार. दादा कँटीनच्या बाकड्यावर बसले होते, पुढं चहाचा रिकामा ग्लास, नजर समोरच्या मोठ्या घड्याळावर. मधेच उठले, फाटकापर्यंत गेले, घड्याळाकडं बघून परत येऊन बसले. पुन्हा उठले, पुन्हा आले. गफूरचाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कब का आया है. मैं बोला घर जा, तो बोलता, सात कां बजे अभी."

मी मागच्या मागं घरी आलो. आई दारात उभी होती. "अजून आले नाय," ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या दिवशीसारखाच कोरडा होता. दादा हाकेच्या अंतरावर बसलेत, हे ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर ती पाचपासूनच वाट बघू लागली असती, आणि दादांना मग सहाची वेळ पाळावी लागली असती.

मी तिच्या शेजारी उभा राहिलो. सातला बूट वाजले.

"हं," आई म्हणाली.